एक पत्ता, दोन राउटर : ११२ नंबरच्या भांडणाची गोष्ट

(भाग ऐकला नसेल तरी हरकत नाही. खालचा मजकूर बोललो तसाच आहे, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय.)

आजचा विषय अगदी छोटा दिसतो. तुमच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेलात की तीन गोष्टी दिसतात: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि डीफॉल्ट गेटवे. पहिल्या दोन सध्या बाजूला ठेवू. तिसरी बघा. बहुतेकांच्या घरी तिथे १९२.१६८.१.१ असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ एवढाच की घराबाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट या पत्त्यावरच्या राउटरच्या हातात द्यायचं, पुढचं तो बघेल. आता हा राउटर बंद पडला तर काय?

इंटरनेटबद्दल आपण सगळ्यांनी एक वाक्य ऐकलेलं असतं, की एक रस्ता तुटला तर पॅकेट दुसऱ्या रस्त्याने जातं. ते खरंच आहे. एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये इंटरनेटच्या रचनेमागच्या विचारावर एक प्रसिद्ध पेपर लिहिला. त्यात मूळ हेतूच्या खालोखाल जी उद्दिष्टं दिली आहेत, त्यांत पहिला नंबर याचाच आहे: मधली नेटवर्क किंवा गेटवे गेली तरी संवाद चालू राहिला पाहिजे. पण हे सगळं राउटर ते राउटर. राउटर एकमेकांशी सतत बोलत असतात, कोण जिवंत, कोण मेलेला, याची खबर ठेवतात. तुमचा कॉम्प्युटर या गप्पांमध्ये नसतो. त्याला एकच पत्ता माहीत असतो. म्हणजे अख्ख्या जगाला पर्यायी रस्ते आहेत, आणि तुमच्या टेबलापासून पहिल्या पावलालाच नाही.

ही अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. याच क्लार्क यांचं जुलै १९८२ चं एक टिपण आहे, आरएफसी ८१६. दोष कसा शोधायचा आणि त्यातून बाहेर कसं यायचं, हाच त्याचा विषय. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची आणि चर्चेची क्रमवार कागदपत्रं, हे नियमित ऐकणाऱ्यांना आता पाठ झालं असेल. क्लार्क यांचं म्हणणं थोडक्यात असं: लांबचे राउटर मेले तर बाकीचे राउटर बघून घेतील, पण तुमच्या शेजारचा पहिलाच राउटर मेला तर ते ओळखणं हे कॉम्प्युटरचं स्वतःचं काम आहे. मग "राउटरला दर सेकंदाला पिंग करत बसा" असं सांगून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते टाळायला सांगितलं, कारण एका नेटवर्कवर शंभर मशीन असतील आणि प्रत्येक जण "आहेस का, आहेस का" विचारत बसला तर त्या काळचा गेटवे त्यातच दमून जाईल. १९८९ च्या आरएफसी ११२२ ने हाच मुद्दा नियम म्हणून घातला. मेलेला गेटवे ओळखता आला पाहिजे, पण अखंड पिंग करायचं नाही.

आता ओळखायचं कसं? इथे जुगाडांचं एक दशक सुरू होतं, आणि मला हा भाग फार आवडतो.

युनिक्सवाल्यांनी सोपा मार्ग काढला. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये राउटिंगचा एक छोटा प्रोग्रॅम येत असे. तो साध्या वर्कस्टेशनवर गुपचूप चालवायचा. स्वतः काही बोलायचं नाही, फक्त राउटर एकमेकांशी रिपमध्ये काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं. पण रिपमध्ये एखादा रस्ता मेला हे ठरवायला १८० सेकंद लागायचे. शिवाय कुणीही चुकीच्या सेटिंगचं मशीन लावून "मीच राउटर" असं ओरडलं, की सगळे त्याच्यावर विश्वास ठेवायचे.

दुसरा मार्ग प्रॉक्सी आर्पचा. त्यासाठी आधी आर्प काय ते सांगतो. एकाच नेटवर्कवर पॅकेट द्यायचं तर आयपी पत्ता पुरत नाही, समोरच्या कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस लागतो. तो विचारायची पद्धत म्हणजे आर्प: "या आयपीचा मालक कोण?" असं सगळ्यांना विचारायचं, ज्याचा असेल तो उत्तर देतो. प्रॉक्सी आर्पमध्ये बाहेरच्या कुठल्याही पत्त्यासाठी राउटरच हात वर करतो. छान. पण मिळालेलं उत्तर कॉम्प्युटर काही काळ जपून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात तो राउटर मेला तर पॅकेटं थेट विहिरीत.

सप्टेंबर १९९१ मध्ये आरएफसी १२५६ आलं. त्यात राउटरने अधूनमधून "मी इथे आहे" अशी दवंडी पिटायची सोय होती. पण दवंडीचं अंतर ठरवलं होतं सात ते दहा मिनिटं, आणि एकदा ऐकलेली दवंडी अर्धा तास वैध. अर्धा तास! मेलेला राउटर ओळखायला हे पुरणार नाही, हे त्या कागदातच स्पष्ट सांगितलंय. त्यांचा हेतू राउटर शोधायचा होता, त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचा नव्हता.

मायक्रोसॉफ्टने क्लार्क यांचा मार्ग धरला. विंडोजमध्ये एकापेक्षा जास्त डीफॉल्ट गेटवे भरता येत. एखाद्या टीसीपी कनेक्शनला वारंवार पाठवूनही उत्तर येत नसेल तर विंडोज ते कनेक्शन पुढच्या गेटवेकडे वळवायचं, आणि अशी वळलेली कनेक्शनं पाव हिश्शाच्या वर गेली की अख्खं मशीन नव्या गेटवेवर जायचं. हुशारी आहे की नाही? फक्त ते टीसीपीवरूनच ओळखायचं, आणि एकदा दुसऱ्याकडे गेलं की पहिला बरा झाला म्हणून आपणहून परत येत नसे. शिवाय ही विंडोजची गोष्ट झाली. ऑफिसातल्या प्रिंटरचं काय? त्याच्या मेनूत गेटवेसाठी एकच रकाना. नव्वदच्या दशकात डीएचसीपी आलं, पत्ते आपोआप वाटले जाऊ लागले. त्यात राउटरची यादी देता येते, पण बहुतेक मशीन यादीतलं पहिलं नाव घेतात आणि बाकी विसरतात.

म्हणजे "कॉम्प्युटरनेच शहाणं व्हावं" हा मार्ग तत्त्वाला धरून होता, पण तो कधी चालणार? तर जगातलं प्रत्येक मशीन शहाणं झाल्यावर. हे होणार नव्हतं.

मग १९९४ च्या सुमारास सिस्कोने प्रश्नच उलटा केला. कॉम्प्युटरला काही शिकवायचंच नाही. त्याला एकच गेटवे माहीत आहे ना? राहू दे. आपण त्या एका पत्त्याच्या मागे दोन राउटर उभे करू. पोस्टात "खिडकी क्रमांक १" असते. आतला कारकून जेवायला गेला आणि दुसरा येऊन बसला, तरी रांगेतल्या माणसाला खिडकी तीच. याचं नाव एचएसआरपी, हॉट स्टँडबाय राउटर प्रोटोकॉल. दोन्ही राउटरना आपापले खरे पत्ते असतातच, पण त्याशिवाय एक तिसरा पत्ता असतो जो कुणाचाच नाही. आभासी. त्यातला खरा मासला असा की नुसता आयपी आभासी नाही, मॅकही आभासी. कॉम्प्युटरने आर्पचं उत्तर जपून ठेवलंय ही मघाची अडचण होती ना? ठेवू दे. उत्तर बदलतच नाही. राउटर बदलला तरी मॅक तोच राहतो. नवा राउटर फक्त त्या मॅकच्या नावाने एक आरोळी देतो, म्हणजे मधल्या स्विचला कळतं की हा पत्ता आता दुसऱ्या पोर्टवर आहे.

कामावरचा राउटर दर तीन सेकंदांनी हॅलो म्हणतो. दहा सेकंद हॅलो आलं नाही की राखीव राउटर सूत्रं हातात घेतो. कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. (श्लेष मुद्दाम नाही, पण राहू दे.) आणि जाता जाता, या हॅलोमध्ये एक पासवर्डही असायचा, तो साध्या उघड्या अक्षरांत जायचा, आणि न बदलल्यास तो असायचा "सिस्को".

तत्त्वाने बघितलं तर ही फसवणूकच. टोकाच्या मशीनने आपली जबाबदारी आपण घ्यावी, हा इंटरनेटचा जुना बाणा. इथे मधली मंडळी सोंग घेतात आणि टोकाच्या मशीनला अंधारात ठेवतात. पण चाललं. दणदणीत चाललं.

आता पेटंट. सिस्कोने एप्रिल १९९४ मध्ये अर्ज केला आणि ५ डिसेंबर १९९५ ला अमेरिकेत पेटंट मिळालं, नंबर ५४,७३,५९९. एचएसआरपी कसं चालतं हे मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८१ म्हणून छापलं गेलं, पण "केवळ माहितीसाठी". मानक म्हणून नव्हे.

आणि बरोबर पुढच्या महिन्यात, एप्रिल १९९८ मध्ये, आरएफसी २३३८ आलं: व्हीआरआरपी. हे मात्र मानकाच्या वाटेवरचं. लेखकांची यादी वाचण्यासारखी आहे. असेंड, मायक्रोसॉफ्ट, नोकिया, डिजिटल, आयबीएम, सगळ्यांची माणसं. सिस्कोचं एकही नाव नाही. डिजिटलकडे स्वतःचा असाच एक प्रोटोकॉल आधीपासून होता. म्हणजे बाकीचे सगळे एकत्र येऊन म्हणाले, आम्हाला कुणा एका कंपनीचं नको, सर्वांचं हवं.

व्हीआरआरपीची कल्पना तीच, तपशील जरा नीटस. दर सेकंदाला घोषणा. राखीव राउटर तीन घोषणा चुकेपर्यंत थांबतो, आणि वर थोडासा जास्त वेळ. हा जास्तीचा वेळ २५६ मधून त्याचा प्राधान्यक्रम वजा करून २५६ ने भागून येतो. प्राधान्य १०० असेल तर साधारण ०.६ सेकंद, म्हणजे एकूण ३.६. ज्याचं प्राधान्य जास्त तो कमी थांबतो, म्हणून तोच आधी उठतो. वेगळी निवडणूक नको, भांडण नको. एवढ्याशा भागाकारात हे बसवलंय हे बघून मला अजूनही बरं वाटतं. राउटर ठरवून बंद करायचा असेल तर तो जाताना प्राधान्य शून्य असल्याचं सांगतो, म्हणजे दुसऱ्याला वाट बघायला नको. आणि आयपी पॅकेटच्या वर कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणारा जो आकडा असतो (टीसीपीचा ६, यूडीपीचा १७) तिथे व्हीआरआरपीला ११२ मिळाला. हा आकडा लक्षात ठेवा.

पण कल्पना तीच म्हटल्यावर सिस्कोच्या पेटंटचं काय? त्या काळी आयईटीएफचा, म्हणजे ही मानकं बनवणाऱ्या संस्थेचा नियम असा होता की पेटंट असलं तरी मानक होऊ शकतं, मालकाने वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर परवाना दिला म्हणजे झालं. कंपन्यांना हे जमतं. त्यांच्याकडे वकील असतात, उलट द्यायला स्वतःची पेटंटं असतात. पण जी वस्तू कुणीही फुकट उतरवून घेतो, बदलतो, पुढे वाटतो, तिचा परवाना कसा घ्यायचा? किती प्रती वाटल्या ते वाटणाऱ्यालाच माहीत नसतं.

ओपनबीएसडी हा असाच एक प्रकल्प. कॅनडातल्या कॅल्गरीहून थिओ डी राट चालवतात. हा माणूस लायसन्सच्या बाबतीत किती कडक? २००१ मध्ये त्यांच्या सिस्टीममधल्या फायरवॉलच्या परवान्यावरून वाद झाला, तर त्यांनी ती फायरवॉलच काढून टाकली आणि डॅनियल हार्टमायर यांनी पीएफ नावाची नवी लिहिली. पीएफ लोकांना आवडली, ऑफिसांच्या दारात बसली. मग साहजिक मागणी आली की दोन फायरवॉल जोडीने चालल्या पाहिजेत. म्हणजे व्हीआरआरपी हवं. ओपनबीएसडीने सांगितलेली बाजू अशी की सिस्कोशी बराच पत्रव्यवहार झाला, आणि ऑगस्ट २००२ मध्ये सिस्कोच्या वकिलांनी आपण पेटंटचं रक्षण करू असं ठामपणे कळवलं. या मंडळींनी त्याचा अर्थ एकच घेतला: आपल्याला हे मानक मोकळेपणाने लिहिता येणार नाही.

मग त्यांनी नवा प्रोटोकॉल लिहिला. रायन मॅकब्राइड यांचं काम, नाव कार्प, आणि १ मे २००४ ला ओपनबीएसडी ३.५ मधून तो बाहेर आला. कार्प मुद्दाम वेगळा बनवला. घोषणेत आभासी पत्ता उघड पाठवतच नाहीत, त्याऐवजी गुप्त किल्लीने काढलेली एक सही जाते. किल्ली नसलेल्याला घोषणा बनवताही येत नाही आणि जुनी पकडून परत फेकताही येत नाही. प्राधान्यक्रमही वेगळ्या रीतीने: जो जास्त वेळा ओरडतो तो मुख्य.

गंमत बघा, त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २००४ मध्ये, व्हीआरआरपीची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी ३७६८. तिने काय केलं? होती ती ओळख पटवण्याची सोय काढून टाकली. कारणही पटण्यासारखं होतं. त्या सोयीने खरी सुरक्षा मिळत नव्हती, उलट दोन राउटरवर पासवर्ड वेगळे पडले की दोघंही एकमेकांची घोषणा नाकारायचे आणि दोघंही स्वतःला मुख्य समजायचे.

कार्पला प्रोटोकॉल नंबर हवा होता. नंबर वाटते आयाना. ओपनबीएसडीने मागितला, नकार मिळाला, कारण कार्प आयईटीएफच्या प्रक्रियेतून आलेलं नव्हतं. आयपीमधली ती जागा आठ बिटांची आहे, म्हणजे उभ्या जगाला २५६ आकडे, ते जपून वापरायला हवेत हे मान्य. पण ओपनबीएसडीची मंडळी चिडली. त्यांनी सरळ ११२ उचलला. व्हीआरआरपीचाच! जोडीला पीएफच्या दोन मशीनमध्ये चालू कनेक्शनांची यादी जुळवून ठेवणारा पीएफसिंक, त्याला २४० घेतला. आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर गाणं काढायची त्यांची प्रथा होती, तर ३.५ चं गाणं याच प्रकरणावर, माँटी पायथनच्या मासा-परवान्याच्या विनोदी प्रसंगाच्या धर्तीवर. कार्प म्हणजे मासाही.

मला विचाराल तर पेटंटच्या बाबतीत मी ओपनबीएसडीच्या बाजूने आहे. जे सर्वांसाठी मानक म्हणून छापलं ते लिहायला कुणाची परवानगी लागू नये. पण ११२ घेणं हा मला निव्वळ राग वाटतो. त्याचा त्रास ना सिस्कोला झाला, ना आयानाला. झाला तो रात्री दोन वाजता पॅकेट तपासत बसलेल्या कुणातरी सिस्टीम अ‍ॅडमिनला. आणि एक गोष्ट ओपनबीएसडीच्या कथेत येत नाही: लिनक्सवर अलेक्झांडर कॅसेन यांच्या कीपअलाइव्हने व्हीआरआरपी राबवलं, मुक्त परवान्याखाली, आणि ते आजही जगभर चालतंय. धोका खरा किती होता आणि भीती किती, यावर दोन मतं होऊ शकतात.

इथे थोडं आपल्या पातळीवर येऊ. सांगलीला माझ्या मित्राच्या बहिणीची पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट ऑनलाइन जातात, म्हणून तिने दोन वेगवेगळी ब्रॉडबँड घेतली. मी बघायला गेलो तर दोन्ही राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. ताईंना म्हटलं, याला दोन म्हणत नाहीत. पण हसू नका, मोठ्यांचंही हेच होतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येणाऱ्या, दोन्ही कागदावर स्वतंत्र, आणि तिथे समुद्रात जवळजवळ शेजारी. भारताची बाहेर जाणारी निम्मी क्षमता एका दिवसात गेली.

लॅबमध्ये दुसराही एक घोळ होता, आणि तो घरोघरी सापडेल. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. कंपन्यांकडून तसेच येतात. एकाला बदलून २ केलं, तरी मूळ प्रश्न उरतोच, कारण हे डबे व्हीआरआरपी बोलत नाहीत. मायक्रोटिकसारखे राउटर बोलतात, पीएफसेन्स कार्प बोलतं, एखाद्या जुन्या पीसीवर कीपअलाइव्ह टाकता येतं. पण तेवढ्याने काम होत नाही, कारण आपल्याकडे राउटर क्वचित मरतो. मरते ती त्याच्या मागची लाइन. खांबावरची फायबर तुटली, राउटर मात्र ठणठणीत, दर सेकंदाला "मी आहे" सांगतोय. राखीव राउटर बापडा ऐकत बसतो. म्हणून बाहेरचा एखादा पत्ता तपासून, तो मिळत नसेल तर स्वतःचं प्राधान्य उतरवायचं, हे वेगळं सांगावं लागतं. एचएसआरपीत ही सोय लाइनच्या पोर्टवर नजर ठेवून होत असे, कीपअलाइव्हमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहितात. आणि एवढं करूनही दोन कंपन्यांचे बाहेरचे पत्ते वेगळे असल्यामुळे चालू कॉल तुटतोच. पुन्हा जोडला की चालतो, पण तुटतो.

दरम्यान क्लार्क यांचा जुना विचार मागच्या दाराने परत आला. आयपीव्ही६ मध्ये शेजारचा राउटर पोचण्यासारखा आहे का, हे तपासण्याचं काम कॉम्प्युटरलाच दिलंय. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याला साधारण ३८ सेकंद लागतात. ते फार वाटतात म्हणून २०१० च्या आरएफसी ५७९८ ने व्हीआरआरपी आयपीव्ही६ लाही लावलं, आणि घोषणांचं माप सेकंदाच्या शंभराव्या भागात आणलं.

सिस्कोच्या त्या पेटंटची मुदत २०१४ पर्यंतची होती. एप्रिल २०२४ मध्ये व्हीआरआरपीचं ताजं रूप आलं, आरएफसी ९५६८. त्यात मुख्य राउटरला "मास्टर" म्हणायचं सोडून "अ‍ॅक्टिव्ह" म्हणायला लागले, म्हणजे एचएसआरपीचाच जुना शब्द. कार्प अजून ११२ वरच आहे. टीसीपीडंपने बघितलंत तर तो कार्पच्या पॅकेटला बिनदिक्कत व्हीआरआरपी म्हणतो, कार्प आहे हे वेगळं सांगावं लागतं. आणि दोघंही आभासी मॅक एकाच साच्यातून बनवतात, शेवटचा आकडा फक्त गटाचा नंबर. तेव्हा तुमच्या सर्व्हरच्या पलीकडे इंटरनेट पुरवणाऱ्याने व्हीआरआरपीचा गट १ लावला असेल आणि तुम्हीही कार्पला १ दिलात, तर दोघांचा मॅक एकच होईल आणि मधला स्विच गोंधळून जाईल. १ सोडून कुठलाही घ्या. २५५ पर्यंत मोकळे आहेत.

चला, कुणाच्या ऑफिसात कार्प आणि व्हीआरआरपी एकाच स्विचवर भेटले असतील तर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू.